आठ नंबरची सुई नेमकी किती जाड?

क्रोशाची आठ नंबरची सुई आपल्याकडच्या दुकानात मागितली, की जुन्या इंग्रजी पद्धतीप्रमाणे ४ मिलिमीटर जाडीची सुई मिळते. अमेरिकेत आठ नंबर मागितला तर ५ मिलिमीटरची मिळते. तिथल्याच पोलादी सुयांच्या खणात आठ नंबर शोधला तर ती निघते १.५ मिलिमीटरची. जपानमध्ये तर आठ नंबरच्या दोन सुया आहेत, एक ५ मिलिमीटरची आणि दुसरी ०.९ मिलिमीटरची. यातल्या कुठल्याही दुकानदाराने चुकीची सुई दिलेली नसते. तरीही नमुना वाचून विणणाऱ्या बाईचा स्वेटर बिघडायचा तो बिघडतोच.

बिघडतो म्हणजे किती, ते हिशेबाने पाहू. समजा नमुन्यात आठ नंबरची सुई सांगितली आहे, १० सेंटिमीटरमध्ये १७ टाके धरले आहेत आणि छातीच्या घेरासाठी १६० टाके घालायचे आहेत. घेर येतो ९४ सेंटिमीटर. नमुना अमेरिकेतला आणि सुई आपल्या बाजारातली असेल, तर वीण घट्ट होऊन त्याच १० सेंटिमीटरमध्ये समजा २० टाके बसले. आता घेर झाला ८० सेंटिमीटर. मोठ्या माणसासाठी घातलेला स्वेटर शाळकरी मुलाच्या मापाचा होतो. अशा वेळी नवशिक्या मुलीला हमखास ऐकावं लागतं, ‘तुझा हात घट्ट आहे.’ कधी ते खरंही असतं. पण कितीदा तरी दोष हाताचा नसतो, नंबराचा असतो, आणि हा नंबर आला कुठून हे तिला कुणी सांगत नाही. विणकामात इतकी वर्षं रमलेल्या आपल्या घरांमध्ये ही माहिती असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात करावी लागते ती तारेपासून. सुई म्हणजे मुळात तारेचा तुकडा, आणि तार जाडीने बनत नाही, ओढून बनते. सोनाराच्या जंतरासारखी भोकांची पोलादी पट्टी घेतात आणि तार एकेका लहान होत जाणाऱ्या भोकातून ओढतात. जितक्या वेळा ओढावी तितकी ती बारीक. इंग्लंडच्या तारेच्या गेजमध्ये नंबर वाढला की तार बारीक होत जाते, त्याचं मूळ या ओढण्यात आहे. हे गेज आधी कारखान्यागणिक वेगळं होतं. १८८३ साली सरकारी आज्ञेने एकच ‘स्टँडर्ड वायर गेज’ ठरलं आणि १ मार्च १८८४ पासून लागू झालं. त्यात ८ नंबरची तार ४.०६ मिलिमीटर, १० नंबरची ३.२५ आणि १४ नंबरची २.०३ मिलिमीटर भरते. आता क्रोशाचा जुना इंग्रजी तक्ता शेजारी ठेवा: ८ नंबर ४ मिलिमीटर, १० नंबर ३.२५, १४ नंबर २ मिलिमीटर. सुईचा नंबर म्हणजे तारेचाच नंबर. मोटर भरणारा कारागीर तांब्याच्या तारेसाठी जो गेज बोलतो, तोच हा. सायकलचा १४ गेजचा स्पोक २ मिलिमीटरचा आणि क्रोशाची १४ नंबरची सुईही २ मिलिमीटरची, हा योगायोग नाही.

सरकारी गेज येण्याच्या आधी चार दशकं क्रोशाचं वेड इंग्लंडमध्ये पसरलं होतं. १८४० च्या दशकात एलेनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांची नमुन्यांची पुस्तकं घरोघरी जाऊ लागली, आणि पुस्तक आलं की प्रश्न आलाच: लेखिकेच्या हातातली सुई आणि वाचणारीच्या हातातली सुई एकच आहे हे कसं कळणार? फ्रान्सिस लँबर्ट या लेखिकेने त्याच सुमारास सुया मोजण्यासाठी भोकांची एक मापपट्टी काढली. पुढे घंटेच्या आकाराच्या पितळी, पोलादी मापपट्ट्या शिवणाच्या पेटीत दिसू लागल्या. नमुना लिहिणारीला सगळ्यात आधी मापाची गरज भासली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. समोरासमोर शिकताना नंबर लागत नाही. आई आपलीच सुई मुलीच्या हातात देते. आयर्लंडमध्ये १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात कॉर्क आणि क्लोन्स भागातल्या बायकांनी क्रोशाच्या लेसवर घरं चालवली. त्यांतल्या कितीतरी सुया घरीच बनलेल्या असत: शिवणाच्या सुईचं नेढं अर्धं मोडायचं, घासून त्याचा आकडा करायचा, मागचं टोक लाकडात किंवा बुचात रोवायचं. त्या सुयांना नंबर नव्हता, आणि त्यांतून उतरलेली लेस आज संग्रहालयांत आहे.

आपल्याकडे क्रोशा मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि ख्रिस्ती घरांतून आला. गोव्यात वेदीवरच्या कापडाची किनार त्याने सजली. आंध्रातल्या नरसापूरला तर त्याचा मोठा घरगुती उद्योग उभा राहिला, त्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. महाराष्ट्रात रुखवतातली तोरणं, ताटावरचे रुमाल, बाळाची टोपडी आणि मोजे हे त्याचं हक्काचं ठिकाण. कलेबरोबर इंग्रजी नंबरही आला, आणि इथे सुया बनू लागल्यावरही तो सुटला नाही. नीलगिरीतल्या केट्टीची ‘नीडल इंडस्ट्रीज’ ही कंपनी १९४९ साली स्थापन झाली तीच मुळी इंग्लंडमधल्या स्टडलीच्या सुई कंपनीची उपकंपनी म्हणून. आपण सगळ्या ओळखतो त्या ‘पोनी’ सुया या कंपनीच्या. तेव्हा आपल्या आज्या ‘दहा नंबरच्या सुया’ म्हणत आल्या तो नंबर इंग्लंडच्या तारेचा आहे. पुढे ब्रिटनने मेट्रिक मापं घेतली आणि नवे नमुने मिलिमीटरमध्ये लिहायला सुरुवात केली. आपल्या दुकानांत जुना नंबर अजून बोलला जातो.

त्या बदलात एक घोळ मागे राहिला. तारेची मापं मिलिमीटरच्या गोल आकड्यांत बसवताना सगळ्यांनी एकसारखी बसवली नाहीत. बहुतेक तक्त्यांत क्रोशाचा ९ नंबर ३.५ मिलिमीटर दिसतो, पण दोन सुयांवरच्या विणकामाचा ९ नंबर ३.७५. तसंच १२ नंबरचं, क्रोशाला २.५ आणि विणकामाला २.७५. म्हणजे एकाच घरात, एकाच देशाच्या पद्धतीत, एकाच नंबरच्या दोन जाड्या. पाव मिलिमीटरने रुमालाला फारसं काही होत नाही. अंगात घालायच्या कपड्याला होतं.

अमेरिकेने उलटी दिशा धरली: नंबर मोठा, सुई जाड. सोबत अक्षरंही लावली. ‘बी’ म्हणजे १ नंबर, २.२५ मिलिमीटर. ‘जी’ म्हणजे ६ नंबर, ४ मिलिमीटर. ‘एच’ म्हणजे ८ नंबर, ५ मिलिमीटर. या दोघांच्या मधली ४.५ मिलिमीटरची सुई फक्त ‘७’ आहे, तिला अक्षरच मिळालं नाही. पुढे ‘जे’ ६ मिलिमीटर, ‘के’ ६.५, आणि त्यानंतरचं ‘एल’ एकदम ८. मधल्या ७ मिलिमीटरला ना अक्षर ना नंबर. आणखी पुढे ९ मिलिमीटरच्या सुईला ‘एम किंवा एन’ म्हणतात आणि १० मिलिमीटरच्या सुईला ‘एन किंवा पी’. म्हणजे फक्त ‘एन’ लिहिलेली सुई ९ ची की १० ची, हे त्या अक्षरावरून सांगता येत नाही. तिथल्या ‘क्राफ्ट यार्न कौन्सिल’ने आपल्या तक्त्यासोबत स्पष्टच लिहून ठेवलं आहे की अक्षरं आणि नंबर बदलू शकतात, मिलिमीटरवर विसंबा. ज्यांनी तक्ता केला त्यांनीच असं सांगावं, याहून मोठी कबुली कोणती?

इंग्रजी आणि अमेरिकी नंबर समोरासमोर ठेवले की एक गंमत दिसते, आणि ती कामाची आहे. ४ मिलिमीटरला इंग्रजी ८ आणि अमेरिकी ६. ४.५ ला दोन्हीकडे ७. ५ ला इंग्रजी ६, अमेरिकी ८. ५.५ ला इंग्रजी ५, अमेरिकी ९. ६ ला इंग्रजी ४, अमेरिकी १०. प्रत्येक जोडीची बेरीज १४. लोकरीचे बहुतेक स्वेटर आणि शाली याच टप्प्यात विणल्या जातात, त्यामुळे १४ मधून एक नंबर वजा केला की दुसरा मिळतो. हे या टप्प्यापुरतंच खरं आहे, त्याच्या खाली आणि वर मोडतं. पण परदेशी नमुना हातात असताना आणि तक्ता जवळ नसताना एवढं पुरतं. सात नंबर हा मात्र चकवा आहे. दोन्हीकडे सारखा असल्याने ज्या बाईने पहिलं काम सात नंबरने केलं, तिला पुढची कित्येक कामं दोन्ही पद्धती एकच वाटत राहतात.

पोलादी सुयांची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा गोंधळ इथे आहे. बारीक दोऱ्याच्या लेससाठी पोलादी सुई आणि लोकरीसाठी हाडाची, लाकडाची, पुढे अॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची, असे क्रोशाचे दोन संसार जवळजवळ पहिल्यापासून आहेत. अमेरिकेत या दोघांची मोजणी वेगळी राहिली. लोकरीच्या सुईचा नंबर जाडीबरोबर वाढतो, पोलादी सुईचा जाडीबरोबर घटतो. पोलादी १४ नंबर ०.७५ मिलिमीटर, १२ नंबर १ मिलिमीटर, ४ नंबर २ मिलिमीटर. या दोन रांगा जिथे एकमेकींना भेटतात तिथे पाहा: २.२५ मिलिमीटरची पोलादी सुई २ नंबरची आणि अॅल्युमिनियमची १ नंबरची. २.७५ मिलिमीटरची पोलादी १ नंबरची आणि अॅल्युमिनियमची २ नंबरची. देश तोच, जाडी तीच, आणि नंबर नेमके उलटे. ‘दोन नंबरची सुई घ्या’ एवढंच लिहिलेला अमेरिकी नमुना सुई कशाची हे सांगत नसेल, तर त्याचा उपयोग नाही.

जपानने हा प्रश्न निदान लिखाणापुरता सोडवला. लोकरीच्या सुयांना नंबरापुढे तिरपी रेघ आणि शून्य जोडतात: २/० म्हणजे २ मिलिमीटर, ५/० म्हणजे ३, ७/० म्हणजे ४, ८/० म्हणजे ५, १०/० म्हणजे ६. लेसच्या सुयांना नुसता नंबर, आणि तो उलट्या दिशेने: ० नंबर १.७५ मिलिमीटर, ८ नंबर ०.९, १४ नंबर ०.५. शून्य मध्ये धरलं तर एका बाजूला सुई जाड होत जाते, दुसऱ्या बाजूला बारीक. जपानी नमुने आकृत्यांत असतात, भाषा न येताही विणता येतात, म्हणून आपल्याकडे ते हौसेने वापरले जातात. तिथे तिरप्या रेघेकडे दुर्लक्ष झालं की पहिल्या ओळीतच काम अडतं.

यात भर म्हणून दोऱ्याचे नंबर आहेत. क्रोशाचा दोरा १०, २०, ४०, ६० नंबरचा येतो, नंबर वाढला की दोरा बारीक. याचं मूळ तारेत नाही, सुतात आहे. इंग्रजी काउंट म्हणजे एका पौंड वजनात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा. इचलकरंजी किंवा भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दोऱ्याच्या आणि सुईच्या नंबरांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. ‘वीस नंबरच्या दोऱ्याला कितवी सुई?’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही सूत्रातून निघत नाही, विणूनच ठरवावं लागतं.

मिलिमीटर आलं म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. त्यासाठी सुई नीट हातात घेऊन पाहावी लागते. सगळ्यात पुढे टोक, त्याखाली दोरा अडकवणारा आकडा, आकड्यामागे खाच, मग मान, तिच्या मागे गोल दांडी, पुढे अंगठा टेकवायची सपाट जागा आणि शेवटी मूठ. सुईवर छापलेली जाडी असते ती दांडीची. टाक्याचा आकार ठरतो तोही दांडीवरच, कारण तयार फास तिथे बसायला हवा. पण प्रत्येक सुईत दांडी सारखी लांब नसते आणि मानही सारखी नसते.

अमेरिकेतल्या दोन जुन्या नावांत हा फरक स्वच्छ दिसतो. ‘सुझन बेट्स’च्या सुईचं डोकं दांडीच्या रेषेतच असतं, जणू सरळ गोल कांडीत खाच कापली आहे. आकडा धारदार कोनाचा, खाच खोल. ‘बॉय’च्या सुईची मान निमुळती होत गेलेली, डोकं गोलसर आणि किंचित बाहेर आलेलं. दोन्हींवर ५ मिलिमीटर छापलेलं असलं तरी हाताला त्या वेगळ्या लागतात. पहिलीत फास पूर्ण जाडीवर बसतो, टाके एकसारखे येतात, पण घट्ट विणणारीला आकडा फासातून बाहेर काढताना अडकल्यासारखं होतं. दुसरी सुई चटकन निसटते, हात भराभर चालतो. मात्र विणणारीने फास दांडीपर्यंत न सरकवता निमुळत्या मानेवरच ओढून घेतला, तर तिचा टाका ५ मिलिमीटरचा होत नाही, त्याहून लहान होतो. बायका एका घडणीच्या सुईवर वर्षानुवर्षं का टिकून राहतात, त्याचं कारण यात आहे. तो नुसता हट्ट नसतो, त्यांचा हात त्या मानेला सरावलेला असतो. शिकवणाऱ्यांना माझं सांगणं असं की विद्यार्थिनीची वीण सैल-घट्ट होत असेल, तर हाताला बोल लावण्याआधी तिला दुसऱ्या घडणीची सुई देऊन पाहावी.

बारीक पोलादी सुईत तर मूठ येईपर्यंत मान जाड होतच जाते. फास दोन मिलिमीटर मागे सरकला तरी भोक मोठं होतं. म्हणूनच लेसमध्ये एकाच सुईने, एकाच दोऱ्याने दोघींनी विणलेले रुमाल वेगवेगळ्या मापाचे भरतात. सुई कशाची आहे यानेही फरक पडतो. बांबू आणि लाकूड दोऱ्याला धरून ठेवतात, गुळगुळीत धातू सोडून देतो. सुती दोरा लाकडावर आणि सिंथेटिक लोकर धातूवर, दोन्ही वेळा ४ मिलिमीटर, तरी वीण वेगळी पडते. मुठीवर रबर किंवा मऊ प्लॅस्टिक चढवलेल्या जपानी सुया बोटं दुखणाऱ्यांना वरदान आहेत. किंमत जास्त वाटली तरी ज्यांना रोज तास-दोन तास विणायचं आहे त्यांनी निदान एक तरी घ्यावी. भारतातच बनणाऱ्या ‘निटप्रो’च्या सुयांवर मिलिमीटर ठळक लिहिलेलं असतं. हीच कंपनी उत्तर अमेरिकेत ‘निटर्स प्राइड’ नावाने विकते.

घरातल्या जुन्या सुयांवरचा आकडा बहुधा पुसलेला असतो. त्या मोजायला भोकांची मापपट्टी मिळते, पण ज्या सुईचं डोकं दांडीपेक्षा रुंद आहे ती भोकात डोक्याशीच अडकते आणि माप एक पायरी मोठं दिसतं. हार्डवेअरच्या दुकानातला साधा व्हर्नियर कॅलिपर यापेक्षा चांगला. त्याचे जबडे मानेच्या मागे, सपाट जागेच्या अलीकडे, गोल दांडीवर लावायचे, सुई थोडी फिरवून पुन्हा पाहायचं. अॅल्युमिनियमच्या सुईवर जबडे दाबायचे नाहीत, चरा पडतो आणि पुढे दोरा त्यात अडकतो. मोजलेलं माप मुठीवर चिकटपट्टीने लावून ठेवावं.

एवढं केलं तरी शेवटचा शब्द नमुन्याच्या तुकड्याचाच. साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणायचा, धुवून वाळवायचा आणि मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजायचे. जास्त भरले तर जाड सुई, कमी भरले तर बारीक. सांगितलेली सुई आपल्या हाताला चालत नसेल तर ती बदलण्यात काहीच गैर नाही, कारण नमुन्यातलं खरं माप टाक्यांचं आहे. तुकडा विणायचा कंटाळा मी समजू शकते, पण दोन तास वाचवून पंधरा दिवसांचं काम उसवायला लागतं.

मराठीत आता क्रोशाचे नमुने पुस्तकांतून, मासिकांतून आणि व्हिडिओंतून सारखे येत आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी नमुन्यांत अजूनही ‘बारीक सुई’, ‘दहा नंबर’, ‘नेहमीची सुई’ एवढंच लिहिलेलं असतं. शिकणारी मुलगी नाशिकची असते, नमुना सांगणारी न्यू जर्सीची, लोकर लुधियानाची. त्यांच्यात एकच समान भाषा आहे. म्हणून नमुना देणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे: सुईची जाडी मिलिमीटरमध्ये लिहा, सुई कशाची आहे ते लिहा, लोकरीच्या गुंड्याचं वजन आणि लांबी लिहा, आणि तुमच्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले तेही लिहा. दुकानदारांनीही सुया नंबराऐवजी मिलिमीटरने लावाव्यात, आणि गिऱ्हाइकाने ‘आठ नंबर’ म्हटलं तर कोणत्या देशाचा, हे आधी विचारावं.